येळवशीच्या फोटोखालची मस्करी, एक तक्रार आणि माझ्याकडून झालेला घोळ

औसा_तूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार दिवस लिहू का नको चाललं होतं. शेवटी लिहितोय.

मी आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो. २०१७ ला काढला तेव्हा २५६ च्या वर माणूस बसत नव्हता, म्हणून 'एक' आणि 'दोन' असे दोन ग्रुप होते. २०२२ ला मर्यादा १०२४ झाली तसे दोन्ही एकत्र केले. आज साडेआठशेच्या वर लोक आहेत. लातूरच्या मोंढ्यातला सोयाबीन-तुरीचा भाव, पाऊस, मजूर, कुणाचा सुटलेला बैल, एवढंच काम. नियम दोनच: शिवी नाही, राजकारण नाही.

येळवशीच्या दिवशीची गोष्ट. बाहेरच्यांसाठी सांगतो, मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या लातूर-धाराशिवकडं येळवस असते. रानात कडब्याची कोप, आत पाच पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. सकाळपासून ग्रुपवर फोटोच फोटो. शेजारच्या गावातल्या एका जणानंही टाकला. लहानशी कोप, पुढं मडक्यात आंबील, कडेला नातवंड उन्हानं डोळे मिचकावतंय. खाली लिहिलं, 'या जेवायला.'

त्याखाली एकानं टाकलं, 'गायरानातली येळवस का? नको बाबा, तहसीलदार जेवत्या ताटावरून उठवंल.' (गायरान म्हणजे गावची सरकारी चराऊ जमीन.) अकरा जणांनी हसणारी तोंडं टाकली. मग दुसरा, 'आपल्याला आपल्या मालकीच्या रानातलंच पचतंय.'

शिवी नाही. जातीचं नाव नाही. पण कोण कुणाच्या घरचं खात नाही हे गावात कुणाला सांगावं लागत नाही.

तो माणूस काहीच बोलला नाही. रात्री साडेनऊला त्यानं स्वतःचा फोटो काढून टाकला. खाली हसणारी तोंडं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पुतणीचा मला खासगीत मेसेज आला. कॉलेजला आहे ती, सोयाबीनवरच्या रोगाचं विचारायला ग्रुपात आलेली. 'काका, त्या दोन पोस्ट काढा. त्यात शिवी नाही हे मला कळतं, पण त्या कशाबद्दल आहेत हे तुम्हालाही कळतं.'

आता माझा घोळ. आम्ही पाच ॲडमिन, आमचा वेगळा ग्रुप आहे. तिच्या मेसेजचा स्क्रीनशॉट मी नाव-नंबरासकट तिथं टाकला आणि विचारलं, 'काय करायचं?' संध्याकाळपर्यंत पाचातल्या एकानं तो पोस्ट टाकणाऱ्याला दाखवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गडी तिच्या वडिलांच्या गिरणीवर हजर. दळणाला आलेल्या बायांसमोर म्हणला, 'पोरगी शिकली म्हणून लई शाणी झाली का? तिला सांगून ठेवा.'

वडिलांचा मला फोन आला. एकच वाक्य बोलले, 'तिनं तुम्हाला सांगितलं होतं.' आणि ठेवला.

पोस्ट मी काढल्या, पण नंतर. त्या दोन दिवसांत २३ जण ग्रुप सोडून गेले. २०२२ पासून कुणी बाहेर पडलं की सूचना फक्त ॲडमिनला दिसते. त्यामुळं बाकीच्यांच्या लेखी काही घडलेलंच नाही. भाव टाकला की अंगठे येतात.

आता काय करू?

---

मोंढा_नाका

काढून टाका त्या गड्याला, विषय संपला. आडतीवर रोज बसतो मी. एकाला चढू दिलं की दुसरा डोक्यावर बसतो.

---

दुष्काळी_पट्टा

मला तर ह्यात काय एवढं झालं तेच कळना गेलंय. गायरानात कोप व्हती तर गायरानात म्हणलं. आजकाल कुणाला काय लागंल सांगता येत नाही. उद्या म्हणाल 'कोरडवाहू' म्हणू नका, कोरडवाहूवाल्यांचा अपमान होतोय.

दुसरं, तक्रारीचं लई कौतुक करू नका. आमच्याकडं कारखान्यानं उसाचं बिल थकवलं. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हंजी सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यावी असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, उशीर केला तर वर्षाला १५ टक्के व्याज. आमच्या एका गड्यानं ग्रुपवर एवढंच लिव्हलं, तारखा टाकून. दोन तासांत ॲडमिनकडं चाळीस तक्रारी. सगळ्यांचा मजकूर एकच, स्वल्पविराम सुदीक एका जागी. 'भावना दुखावल्या.' गडी बाहेर, कारखान्याची माणसं आत. ही बी तक्रारच व्हती का नाही?

---

जिजाई_हिंगोली

तुमचा दुसरा मुद्दा मला पटतो. चाळीस तक्रारी आल्या म्हणून गोष्ट चाळीसपट वाईट ठरत नाही आणि एकच आली म्हणून छोटीही ठरत नाही. तक्रारी मोजू नयेत, ज्या मजकुराबद्दल आहेत तो वाचावा. तुमच्या गड्याच्या पोस्टमध्ये होत्या तारखा. येळवशीच्या पोस्टमध्ये होतं माणसाचं ताट. दोन्ही वाचायला एक मिनिट लागतं.

मी शिक्षिका आहे, शिवाय आमच्या भागातल्या बचत गटांच्या एका ग्रुपचं बघते. बायका तक्रार लिहून देत नाहीत. फोन करतात, तोही सासू झोपल्यावर. 'मॅडम, ते जरा बघा की,' एवढंच. काय बघू हे आपण खोदून विचारायचं. एकदा एकीच्या फोटोचं घाणेरडं स्टिकर फिरलं. मी संतापून लगेच सगळ्यांसाठी डिलीट केलं आणि पुरावाच घालवून बसले. तेव्हापासून क्रम ठरलाय. आधी स्क्रीनशॉट, त्यात वेळ आणि टाकणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. मग डिलीट. मग तिला परत फोन. बायका-मुलांबाबतच्या अशा मजकुराची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते. पुष्कळ जणी १९३० ला फोन लावतात, पण तो नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.

औसा_तूर, एक विचारू? पाच ॲडमिनना विचारायची गरज तुम्हाला का पडली? नियम तुमचे, ग्रुप तुम्ही काढलेला, पोस्ट कशाबद्दल आहे हे तुम्हालाही कळलेलं. तो पोस्ट टाकणारा कोण लागतो तुमचा?

---

काळा_कोट (छत्रपती संभाजीनगर)

कायद्याचं थोडं सांगतो, कारण यानंतर कुणीतरी 'ॲडमिनला आत टाकतात' असं लिहिणारच.

ग्रुपमधल्या कुणी काही टाकलं म्हणून आपोआप ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. टाकणाऱ्याचा आणि ॲडमिनचा मिळून तसा हेतू किंवा आधी ठरलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी. मात्र त्या निकालातला एक धागा लोक विसरतात. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, मजकुरावर त्याचा ताबा नसतो, हा त्यात आधार होता. २०२२ मध्ये दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय ॲडमिनला मिळाली. म्हणजे 'माझ्या हातात काही नव्हतं' हे वाक्य पूर्वीइतकं सरळ राहिलेलं नाही. मी ॲडमिन असतो तर त्या निकालाची उशी करून झोपलो नसतो.

'६६ अ लावीन' अशी धमकी अजून गावोगाव देतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण म्हणून सगळं मोकळं नाही. दोन समाजांत तेढ लावणं हा आता भारतीय न्याय संहितेच्या १९६ कलमाखाली गुन्हा आहे, जुना १५३ अ. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांच्या नजरेसमोर जाणूनबुजून अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तुमच्या दोन पोस्ट त्यात बसतात का, यावर इथं मत देणार नाही. तो निर्णय त्या कुटुंबाचा. तुम्ही स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि मध्ये पडून 'मिटवून घ्या' असं त्यांना सांगायला जाऊ नका. गिरणीवर जाऊन दम देणं ही तर वेगळी बाब आहे, पोस्टपेक्षा गंभीर.

व्हॉट्सॲपला मेसेज रिपोर्ट केला तर त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडं जातात आणि त्याला पत्ता लागत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तर तक्रार निवारण अधिकारी नेमा, तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्या, असं कंपन्यांना बांधून घातलं. ते नियम तुमच्या-आमच्या ग्रुपला लागू नाहीत. पण पोच देणं आणि नाव झाकणं, या दोन गोष्टी उचलायला कुणाची हरकत नसावी.

---

मोंढा_नाका

वकीलसाहेब, पोच वगैरे ठीक. पण सगळ्या तक्रारींना एकच घड्याळ लावू नका. १ जुलै २०१८ ला धुळ्याकडं राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मारली. त्याआधी तसले मेसेज आमच्या मोंढ्यातल्या प्रत्येक फोनवर फिरत होते. मीही एक पुढं ढकलला होता, खोटं कशाला बोलू. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची अट घातली. अफवेची तक्रार आली तर हातातला चहा ठेवून काढा, नंतर चौकशी. दोन शेतकरी बांधावरून भांडत असतील तर घाई नको, रात्रभरात दोघं आपणच गार होतात.

---

तेरणाकाठ

मी बहुतेक गप्पच असतो इथं.

दुष्काळी_पट्टा, 'गायरानात होती म्हणून गायरान म्हणलं' ना? मग ऐका. माझ्या वडलांनी १९८० च्या आधीपासून गायरानातलं दोन एकर वहीत केलं. दगड वेचून वेचून बांध घातला, तो अजून आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाच्या वेळी आजा तुरुंगात जाऊन आलेला. १४ एप्रिल १९९० च्या आधीची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ ला निघाला. त्यासाठी पुरावा काय, तर तलाठ्याच्या १-ई च्या वहीत, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, नाव पाहिजे. आमचं एका वर्षी आहे, एका वर्षी नाही, कारण त्या वर्षी तलाठ्यानं लिहिलंच नाही. दंडाच्या पावत्या आईनं लुगड्यात गुंडाळून ठेवल्यात. सातबारावर अजून 'सरकार' आहे. पीक विमा नाही, कर्ज नाही. दर चार-दोन वर्षांनी नोटीस येते.

म्हणून 'तहसीलदार उठवंल' यात आम्हाला हसायला येत नाही. आमच्या घरी ते खरंच झालंय, पेरणी झालेल्या रानात.

आणि तक्रारीचं. मी आमच्या ग्रुपवर आयुष्यात एकदा केली होती. संध्याकाळी तीन जण घरी आले. फार गोड बोलले. 'मनावर घेऊ नका, तो तसाच आहे, तोंडानं फटकळ पण मनानं साफ.' चहा आम्हीच केला. तक्रार मी केली आणि समजूतही माझीच घातली. ज्यानं लिहिलं त्याच्या घरी कुणी गेलं नाही. त्यानंतर मी तक्रार केली नाही. ग्रुप सोडला. तुमच्या त्या २३ जणांनी जे केलं तेच.

पोरगी बोलली हे मोठं होतं. तिच्या काकानं फोटो काढून घेतला तेव्हाच तो बोलून मोकळा झाला होता, कुणी ऐकलं नाही एवढंच.

---

दुष्काळी_पट्टा

…ठीकाय भाऊ. १-ई चं मला ठाव नव्हतं. चुलत्याच्या रानाशेजारीच गायरान आहे, कधी इचारलं नाही कुणाला.

पण कारखान्याचं बोललो ते मागं घेत नाही.

---

तेरणाकाठ

घेऊ नका. ते खरंच आहे.

---

औसा_तूर

जिजाईताई, तुमचा प्रश्न वाचून फोन पालथा घालून ठेवला होता. साडू आहे तो माझा. पहिली पोस्ट त्याची.

पाच जणांना विचारायला गेलो कारण एकट्यानं काढली असती तर घरात महाभारत झालं असतं. 'सगळ्यांनी ठरवलं' म्हणायला आडोसा पाहिजे होता. त्या आडोशापायी पोरीचं नाव उघडं केलं. लिहायला लाज वाटतीय, पण तुम्ही नेम धरूनच विचारलं.

काल गिरणीवर गेलो. मुद्दाम दुपारी, दळणाची गर्दी नसताना. मग तेरणाकाठ यांचं आठवलं आणि वाटलं, तिनं लोकांसमोर ऐकलं आणि मी एकांतात माफी मागतोय. म्हणून आज सकाळी परत गेलो, पाच-सहा बाया होत्या. म्हणालो, 'चूक माझी आहे, पोरीनं सांगितलेलं बरोबर होतं.' वडील पट्टा बसवत होते, मान वर केली नाही. पोरगी आतून बाहेर आली नाही. एका आजीनं विचारलं, 'तुमचं दळण कुठाय?' नव्हतंच माझ्याकडं. बायका हसल्या, तेवढंच.

मी मिटवून घ्या म्हणालो नाही. स्क्रीनशॉट माझ्याकडं आहेत, लागले तर देईन, एवढंच सांगून आलो.

स्क्रीनशॉट बाहेर दाखवणाऱ्याचं ॲडमिनपद काढलं. साडूला ग्रुपातून काढलं, एक महिन्यासाठी. व्हॉट्सॲपमध्ये 'निलंबन' असं काही नसतं, म्हणून कॅलेंडरवर तारखेला गोल केलाय. बायको दोन दिवस माझ्याशी फक्त भाजीत मीठ किती एवढंच बोलतीय.

---

जिजाई_हिंगोली

ग्रुपवर काही सांगितलंत का? की डिलीट केलं आणि गप्प?

---

औसा_तूर

डिलीट केल्यावर 'ॲडमिननं डिलीट केला' अशी ओळ येते, तेवढीच होती. त्यावरून गावात तीन वेगळ्या गोष्टी फिरल्या. एकीत मी निवडणुकीला उभा राहणार आहे म्हणून काढल्या.

---

काळा_कोट

म्हणूनच कारण लिहायचं. काय काढलं आणि का, एवढंच. कुणी तक्रार केली हे नाही, आणि काढलेलं वाक्य पुन्हा उतरवून तर अजिबात नाही. लोक निषेध करताना तीच घाण परत वाढतात.

---

मोंढा_नाका

साडूला महिनाच? मी असतो तर कायमचा.

---

औसा_तूर

कायमचा काढला तर तो दुसरा ग्रुप काढील, आणि तिथं तेरणाकाठसारखा कुणी नसेल त्याला ऐकवायला. दुसरा गडी, 'पचतंय' वाला, त्याला मी स्वतः फोन केला. आधी 'गंमत' म्हणाला. मग मी त्याला त्याच्याच लग्नातल्या मानपानाची गोष्ट आठवून दिली, जी इथं लिहीत नाही. गप्प बसला. त्यालाही महिना.

---

बालाघाट_रांग

बीडकडून. आमच्याकडं गेली दोन-तीन वर्षं ग्रुपवर आरक्षणावरून जे चाललंय ते सांगायची सोय नाही. शाळेतले एका बाकावरचे मित्र एकमेकांच्या दुकानात जाईनात. तुम्ही नवीन नियम केला असेल तर मजकूर इथं टाका, आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपला लागतोय.

---

औसा_तूर

काल रात्री ग्रुपवर टाकला तो असा आहे:

'राम राम मंडळी. येळवशीच्या दिवशीच्या दोन पोस्ट ॲडमिननं काढल्यात. त्या एका सदस्याच्या जमिनीवरून आणि जेवणावरून कमीपणा दाखवणाऱ्या होत्या. टाकणारे दोघं महिनाभर ग्रुपबाहेर आहेत, त्यातला एक माझा नातेवाईक आहे. यापुढं शिवी नसली तरी जात, धर्म, बाईमाणूस, कुणाचं रान, कुणाचं खाणं यावरून केलेली मस्करी चालणार नाही. तक्रार मला किंवा आपल्या नव्या महिला ॲडमिनला फोनवर सांगा, लिहूनच द्यावी असं नाही. मिळाल्याचं त्याच दिवशी कळवू. तक्रार करणाऱ्याचं नाव बाकीच्या ॲडमिनलाही सांगणार नाही. माझ्याच घरच्या माणसाबद्दल असेल तर निर्णय दुसरा ॲडमिन घेईल. या वेळी नाव बाहेर गेलं ती चूक माझी.'

---

तेरणाकाठ

'मस्करी' शब्द काढा त्यातून. मस्करी दोघं हसतात तिला म्हणतात. तिथं 'कमी लेखणं' लिहा.

---

औसा_तूर

बदलला. परत टाकलाय.